अमेरिकेतल्या घटस्फोटाची कोर्टाची नक्कल भारतात बसून कशी मागवायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बहिणीचा घटस्फोट 2011 साली न्यू जर्सीत झाला, तेव्हा ती एडिसनला राहत होती. आता ती नाशिकला परत आली आहे, दुसरं लग्न ठरलंय, आणि विवाह नोंदणी कार्यालयाने 'घटस्फोटाचा मूळ दाखला आणा' म्हणून सांगितलंय. हातात आहे ती फक्त वकिलाने त्या वेळी ईमेल केलेली पीडीएफ. ते वकील आता उत्तर देत नाहीत, आधीच्या नवऱ्याशी संपर्क नाही. नेटवरची एक साइट 40 डॉलरमध्ये 'डिव्होर्स रेकॉर्ड' देतो म्हणते. ते घ्यावं, की काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कोर्टात अर्ज करावा, आणि करायचा तर कसा?

मी न्यू जर्सीत कौटुंबिक खटले चालवणाऱ्या वकिलांकडे पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कागदपत्रांत वकिलांना मदत करणारी, म्हणून काम करते. वकील नाही, त्यामुळे शेवटी कायद्याचा जो भाग येईल तो नाशिकच्या वकिलाला दाखवूनच पुढे जा. कागद मिळवण्याचं म्हणाल तर ते माझं रोजचंच काम आहे.

आधी त्या साइटचं. पैसे देऊ नका. अशा साइट सार्वजनिक नोंदी गोळा करून त्यातली नावं, वर्ष, काउंटी एवढीच माहिती छापून देतात. त्यावर कोर्टाचा शिक्का नसतो, क्लार्कची सही नसते, आणि त्या कागदाकडे नाशिकचं ऑफिस ढुंकूनही बघणार नाही.

आता खरी अडचण. ऑफिसने 'मूळ' मागितलं म्हणून तुम्ही मूळ शोधताय. मूळ निकालपत्र, म्हणजे न्यायाधीशांच्या शाईच्या सहीचा कागद, कोर्टाच्या फायलीत असतो आणि तो कुणाला देत नाहीत. आपल्याकडे कोर्टात नकलेचा अर्ज टाकून सहीशिक्क्याची नक्कल घेतो, तसंच इथे. भारतातल्या कार्यालयाला बहुतेक वेळा हवी असते ती कोर्टाच्या क्लार्कने सही-शिक्का करून दिलेली निकालाची नक्कल आणि तिच्यावर त्या राज्याचं अपॉस्टिल, म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. पण 'बहुतेक वेळा' हे शब्द लक्षात ठेवा. अर्ज करण्याआधी बहिणीने स्वतः त्या कार्यालयात जाऊन एवढं विचारावं: फक्त निकाल चालेल की सोबतचा तडजोडीचा करारही लागेल? अपॉस्टिल लागेल ना? आणि प्रत अमुक महिन्यांच्या आतली हवी अशी काही अट आहे का? लोक हे न विचारता प्रत मागवतात, ती महिन्याभराने पोचते, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, 'यावर अपॉस्टिल कुठंय?' मग तीच प्रत उलट अमेरिकेला.

न्यू जर्सीपुरतं आणखी एक सांगते. इथे राज्याचं आरोग्य खातं जन्म, मृत्यू आणि लग्नाचे दाखले देतं, घटस्फोटाचा देत नाही. त्यामुळे त्या खात्याच्या खिडकीवर चकरा मारू नका. घटस्फोटाचा पुरावा म्हणजे कोर्टाचं निकालपत्र, 'फायनल जजमेंट ऑफ डिव्होर्स'. दोघांनीही एकमेकांविरुद्ध अर्ज केले असतील तर त्याच कागदावर 'ड्युअल जजमेंट ऑफ डिव्होर्स' असं लिहिलेलं असतं. त्याने घाबरू नका, तो एकच निकाल आहे.

आता काउंटी. अमेरिकेत घटस्फोट हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे. फेडरल कोर्टं घटस्फोट देत नाहीत, म्हणून पेसर नावाच्या फेडरल साइटवर तुम्ही कितीही शोधलंत तरी काही हाती लागणार नाही. शिवाय लग्न कुठे झालं होतं याचाही इथे संबंध नाही. लग्न नाशिकला झालं असो वा लास व्हेगासला, घटस्फोटाचा अर्ज दोघांपैकी कुणीतरी राहत होतं तिथे होतो. न्यू जर्सीत साधारणपणे अर्जाआधी किमान एक वर्ष दोघांपैकी एकाचं वास्तव्य राज्यात असावं लागतं. म्हणून त्या काळातला पत्ता हाच पहिला धागा. एडिसन मिडलसेक्स काउंटीत येतं. पण बहीण वेगळी झाल्यावर दुसरीकडे राहायला गेली असेल, किंवा अर्ज नवऱ्याने केला असेल आणि तो तेव्हा जर्सी सिटीत असेल, तर फाइल हडसन काउंटीत सापडेल. पत्त्यातल्या गावाच्या नावावरही विसंबू नका. प्लेन्सबरोला राहणाऱ्या कितीतरी भारतीय घरांचा टपालाचा पत्ता 'प्रिन्स्टन' असा येतो. प्रिन्स्टन मर्सर काउंटीत आहे, प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. मर्सरच्या कोर्टाने 'अशी केस नाही' असं कळवलं की लोकांना वाटतं फाइलच गहाळ झाली.

तुमच्या बाबतीत एवढी शोधाशोध लागणार नाही, कारण पीडीएफ आहे. तिचं पहिलं पान उघडा. वरच्या बाजूला 'सुपीरियर कोर्ट ऑफ न्यू जर्सी, चान्सरी डिव्हिजन, फॅमिली पार्ट' आणि त्याखाली काउंटीचं नाव असेल. त्याच चौकटीत डॉकेट नंबर, म्हणजे केसचा नंबर असतो. समजा तो 'एफएम-12-1234-11' असा आहे (आकडा मी मनाने घेतलाय). 'एफएम' म्हणजे घटस्फोटाचं प्रकरण. 12 म्हणजे मिडलसेक्स. न्यू जर्सीच्या 21 काउंट्यांना इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने आकडे दिले आहेत, त्यात बर्गन 02, हडसन 09, मर्सर 11, सॉमरसेट 18. मधला आकडा त्या वर्षातला अनुक्रमांक. शेवटचे 11 म्हणजे केस दाखल झाली ते कोर्टाचं वर्ष, आणि ते जुलैत सुरू होऊन पुढच्या जूनला संपतं. म्हणजे ऑगस्ट 2010 मध्ये दाखल झालेल्या केसलाही 11 लागतं, आणि तिचा निकाल 2012 मध्येही लागलेला असू शकतो. अर्जात निकालाचं वर्ष विचारलं असेल तर नंबरातलं वर्ष उचलून लिहू नका, निकालावरची तारीख बघा.

याच नंबरापाशी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. घरात जुने कागद चाळताना लोकांना 'एफव्ही' किंवा 'एफडी'ने सुरू होणारा नंबर मिळतो, किंवा 'सीएस'ने सुरू होणारा. 'एफव्ही' कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणाचा, 'एफडी' घटस्फोटाशिवायच्या पोटगी-ताब्याच्या अर्जाचा, आणि 'सीएस' मुलांच्या पोटगीच्या खात्याचा. यातला कुठलाही पाठवलात तर उत्तर येतं की या नंबराखाली घटस्फोटाचा निकाल नाही. उत्तर खरंच असतं, पण माणूस हवालदिल होतो.

नंबर मुळीच नसेल तर दोघांची नावं आणि अंदाजे वर्ष देऊन शोधायला सांगता येतं. तिथे आपल्या नावांची गंमत सुरू होते. एकाच बाईचं नाव लग्नाच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, कोर्टात तिसरं. मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. सासरी पहिलं नावही बदललेलं असेल तर आणखी भर. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं, आणि तेच जसंच्या तसं कोर्टाच्या कागदात उतरलेलं मी पाहिलं आहे. 'वाघ' व्हीने लिहिलंय की डब्ल्यूने, यावर शोध अडतो. म्हणून अर्जात सगळी रूपं द्या: माहेरचं, सासरचं, व्हिसावरचं. नवऱ्याच्या नावानेही शोधायला सांगा, कारण त्याचं नाव सहसा बदललेलं नसतं.

अर्ज कुठे करायचा हे फाइल किती जुनी आहे त्यावर. अलीकडच्या केसची फाइल त्या काउंटीच्या कोर्टाच्या फॅमिली डिव्हिजनकडे असते, मिडलसेक्ससाठी न्यू ब्रन्सविकला. जुन्या फायली ट्रेंटनला सुपीरियर कोर्टाच्या क्लार्कच्या रेकॉर्ड्स सेंटरकडे जातात. 2011 ची फाइल मी आधी ट्रेंटनला विचारेन, आणि तिथे नसेल तर ते काउंटीकडे पाठवतील. राज्याच्या न्यायव्यवस्थेच्या साइटवर नोंदी मागवायचा फॉर्म मिळतो, तो त्यांचाच वापरा, फीही तिथली ताजी बघा. पैसे भरताना भारतातल्या बँकेचा चेक चालत नाही. कार्डाने भरता आले तर उत्तम, नाहीतर तिथल्या कुणा नातेवाइकाला मनी ऑर्डर काढायला सांगा. खरं तर टपालाचा पत्ताही त्याच नातेवाइकाचा द्यावा असं माझं मत आहे, कारण प्रत तिथून पुढे अपॉस्टिलसाठी जायचीच आहे. भारतात मागवून पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सीत घटस्फोटाची फाइल साधारणपणे सार्वजनिक असते, त्यामुळे तत्त्वतः तुम्ही भाऊ म्हणूनही निकालाची नक्कल मागू शकता. तरी अर्जावर सही बहिणीचीच असू द्या आणि सोबत तिच्या ओळखपत्राची प्रत जोडा. फायलीतले काही कागद, उदाहरणार्थ दोघांच्या उत्पन्न-मालमत्तेचं विवरणपत्र, गोपनीय असतात आणि कुठल्याही परक्याला मिळत नाहीत. कोर्टाने एखादी फाइल मुद्दाम सील केली असेल तर तो वेगळा विषय.

फॉर्ममध्ये प्रतीचा प्रकार विचारतील. साधी झेरॉक्स नको. क्लार्कची सही आणि उठावाचा शिक्का असलेली प्रमाणित प्रत मागा. तिसरा प्रकार असतो तिहेरी शिक्क्याचा, ज्यात क्लार्कच्या सहीला न्यायाधीश दुजोरा देतात आणि न्यायाधीशांच्या सहीला पुन्हा क्लार्क. तो काही परदेशी कोर्टं मागतात. नोंदणी कार्यालयासाठी सहसा त्याची गरज पडत नाही, पण प्रकरण भारतातल्या कोर्टात जाणार असेल तर वकिलाला आधी विचारा. कागद हातात आला की शिक्क्यावरून बोट फिरवून बघा, खडबडीत लागला पाहिजे. तुमच्या पीडीएफच्या शेवटी कदाचित 'खरी नक्कल' अशा अर्थाची ओळ आणि सही असेल, आणि तुम्हाला वाटेल की ही प्रमाणितच आहे. ती सही नीट वाचा. इथे वकील आपल्या अशिलाला प्रत देताना स्वतःच्या सहीने तसं लिहून देतात. ती वकिलाची ग्वाही झाली, कोर्टाची नव्हे, आणि तिच्यावर अपॉस्टिल होत नाही.

अपॉस्टिलबद्दल थोडक्यात. हे एका आंतरराष्ट्रीय कराराखाली, हेग कराराखाली होतं. अमेरिका या करारात 1981 पासून आहे, भारत जुलै 2005 पासून. दोन्ही देश सदस्य असल्याने अपॉस्टिल झाल्यावर भारतीय वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. ते करून देतं ज्या राज्याच्या कोर्टाची प्रत आहे तेच राज्य. न्यू जर्सीत हे काम ट्रेझरी खात्याकडे आहे, बऱ्याच राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे. वॉशिंग्टनचं परराष्ट्र खातं राज्यांच्या कागदांवर करत नाही, आणि दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय परदेशी कागदांवर करत नाही. मुंबईतला एखादा एजंट 'इथेच करून देतो' म्हणाला तर समजून जा. अपॉस्टिलचा कागद निकालाला जोडलेला असतो. स्कॅनिंगसाठी त्याची स्टेपल काढू नका, सुटा झालेला कागद घ्यायला ऑफिसं कुरकुरतात.

इथवरचं एका ओळीत: नाशिकला नेमकी गरज विचारा, पीडीएफवरून काउंटी आणि 'एफएम' नंबर घ्या, ट्रेंटनहून शिक्क्याची प्रत तिथल्या नातेवाइकाकडे मागवा, त्याच्याकडून अपॉस्टिल करून घ्या, मग भारतात आणा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आता. अपॉस्टिल एवढंच सांगतं की ही सही आणि हा शिक्का खरा आहे. तो घटस्फोट भारतात ग्राह्य आहे की नाही, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. बहिणीचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं असेल तर परदेशी निकालाकडे भारतातली कोर्टं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 मधून बघतात. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या 1991 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की परदेशी कोर्टाचा अधिकार आणि घटस्फोटाचं कारण, दोन्ही त्या लग्नाला लागू असलेल्या कायद्यात बसले पाहिजेत. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या लोकांना सगळ्यात उपयोगी म्हणजे दोघांनीही त्या घटस्फोटाला संमती दिलेली असणं. न्यू जर्सीत 2007 पासून 'न जुळणारे मतभेद' हे कारण पुरतं, आणि त्यानंतरच्या बहुतेक निकालांत तेच असतं. हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही. त्यामुळे संमती होती का, समोरची व्यक्ती हजर होती का, यावर बरंच अवलंबून राहतं.

याचं उत्तर पुष्कळदा त्याच पीडीएफमध्ये सापडतं. निकालाचा पहिला परिच्छेद वाचा, तिथे कोण हजर होतं, कुणाचे वकील होते ते लिहिलेलं असतं. दोघंही होते आणि तडजोडीचा करार निकालाला जोडला आहे असं असेल तर परिस्थिती बरीच चांगली. तसं असेल तर नक्कल मागवताना तो करारही सोबत मागा, कारण दोघांच्या सह्या त्याच्यावरच असतात आणि संमतीचा तोच पुरावा. कधी कधी करार फायलीत ठेवलेला नसतो, फक्त कोर्टाला दाखवून परत दिलेला असतो. तेव्हा तो जुन्या वकिलाच्या कपाटातूनच मिळवावा लागतो. उलट, तिथे 'डिफॉल्ट' हा शब्द असेल तर निकाल एकतर्फी आहे. एक पक्ष भारतात होता, समन्स मिळालं की नाही यावर वाद आहे, अशा निकालावर विसंबून दुसरं लग्न करणं धोक्याचं. अशा वेळी वकील कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 7 खाली वैवाहिक स्थितीबद्दल जाहीर करून घेण्याचा मार्ग सुचवू शकतात. त्यासाठी नुसता निकाल पुरत नाही. मूळ अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा, समोरच्याने दिलेलं उत्तर, हे सगळं प्रमाणित करून लागतं. म्हणून ट्रेंटनला अर्ज टाकण्याआधीच हा परिच्छेद वाचून घ्या, म्हणजे जे लागणार ते एकदमच मागता येईल. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असतील तर नोटिशीचे 30 दिवस असतात आणि त्यात कुणालाही हरकत घेता येते. फाइल तयार ठेवलेली बरी.

इतर राज्यांतून घटस्फोट घेतलेलेही हा धागा वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट देणाऱ्या खालच्या कोर्टाचंच नाव सुप्रीम कोर्ट आहे आणि फाइल काउंटी क्लार्ककडे असते. तिथला कायदा कडक आहे, घटस्फोटाची फाइल 100 वर्षं बंद. दोन पक्ष, त्यांचे वकील किंवा कोर्टाचा हुकूम असेल तरच. भावाला पाठवायचं तर नोटरी केलेलं अधिकारपत्र लागेल. 1 जानेवारी 1963 नंतरच्या घटस्फोटाचा छोटा दाखला तिथलं आरोग्य खातं देतं, पण त्यात निकालाचा मजकूर नसतो. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे जायचं. काउंटी क्लार्क हे वेगळं ऑफिस, नावामुळे लोक तिथे जातात आणि परत येतात. राज्याकडून 1968 नंतरच्या घटस्फोटांचं पडताळणीपत्र मिळतं, तेही नक्कल म्हणून चालत नाही. कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्ट आणि 'एफएल-180' नावाचा निकालाचा फॉर्म. त्यावर दोन तारखा सापडतील, एक निकाल दाखल झाल्याची, दुसरी लग्न कायद्याने संपल्याची. तिथे समन्स बजावल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात, म्हणून दुसरी तारीख पुढची असू शकते. पुनर्विवाहाला तीच धरायची.

तुम्ही ती पीडीएफ इथे टाकू नका. त्या काळातल्या कागदांत सोशल सिक्युरिटी नंबर, मुलांच्या जन्मतारखा उघड्या राहिलेल्या असू शकतात. फक्त एवढं कळवा: वर काउंटी कोणती लिहिली आहे, नंबर 'एफएम'नेच सुरू होतो ना, आणि पहिल्या परिच्छेदात 'डिफॉल्ट' शब्द आहे की नाही. मग कुठले कागद मागायचे ते नेमकं लिहून देते.